हमीचा कागद आणि ग्राहकाचा हक्क

मोटारगाडी ही एके काळीं संस्थानिकांच्या व बड्या व्यापाऱ्यांच्या दारीं उभी राहणारी वस्तु होती. आज ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील इमारतींच्या आवारांत शिक्षक, कारकून, परिचारिका व लहान दुकानदार यांच्याहि गाड्या उभ्या असतात. अशी गाडी बहुधा कर्ज काढून घेतलेली असते आणि तिचे हप्ते पांच-सात वर्षें फेडावे लागतात. ती घेतल्यावर सहा महिन्यांच्या आंत बिघडली आणि विक्रेत्यानें "हें वॉरंटींत बसत नाहीं" असें सांगून हात झटकले, म्हणजे त्या कुटुंबाची स्थिति मोठी चमत्कारिक होते. गाडी बंद पडते, हप्ता मात्र बंद पडत नाहीं. गाडी विकतांना गोड बोलणारे तेच लोक आतां ओळख देत नाहींत. "गरज सरो, वैद्य मरो" या म्हणीचा अर्थ अशा वेळीं नीट कळतो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं इंग्रजी कागद वाचून त्याचा अर्थ सांगण्याचें काम मुलांकडेच येतें. म्हणून नव्या गाडीची हमी म्हणजे काय, ती कोणत्या कारणांनीं नाकारली जाते, आणि नाकारली गेल्यास कोठें व कशी दाद मागावी, याचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हमीचें स्वरूप पाहूं. आपल्या देशांत मालविक्रीचा कायदा 1 जुलै 1930 पासून अमलांत आहे. त्याच्या कलम 12 मध्यें 'अट' आणि 'हमी' असा भेद केला आहे. जी गोष्ट कराराच्या मूळ हेतूसच धरून असते ती अट होय. ती मोडली असतां घेणाऱ्यास करारच रद्द समजतां येतो. जी गोष्ट आनुषंगिक असते ती हमी; ती मोडली असतां नुकसानभरपाई मागतां येते, परंतु माल परत करितां येत नाहीं. शिवाय कलम 16 अन्वयें, त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे, अशी एक गर्भित अट आहे. ती कागदावर कोणीं लिहिली नसली तरी कायदा ती गृहीत धरतो. मात्र उभयपक्षीं करार करून अशा गर्भित अटी कमी करितां येतात, असेंहि त्याच कायद्याच्या कलम 62 मध्यें सांगितलें आहे. यावरून, सही करण्यापूर्वीं बारीक अक्षरांतील मजकूर वाचण्याचें महत्त्व ध्यानांत येईल.

गाडीबरोबर मिळणारी हमीपुस्तिका ही या कायद्याच्या वरची स्पष्ट हमी होय. तींत अमुक वर्षें किंवा अमुक किलोमीटर, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तोंपर्यंत, घडणींतील दोष निघाल्यास तो भाग विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देऊं, असें वचन असतें. त्यापुढें अपवादांची यादी असते. तंटा प्रायः या यादीवरूनच उद्भवतो.

असे तंटे केवळ आपल्याकडेच होतात असें नाहीं. अमेरिकेंत 1955 सालीं घेतलेल्या एका प्लिमथ गाडीचें स्टिअरिंग अवघे 468 मैल चालल्यावर एकाएकीं निकामी झालें आणि गाडी भिंतीवर आदळली. कारखानदारानें 90 दिवस किंवा 4,000 मैल एवढ्या मुदतींत दोषी भाग बदलून देण्यापलीकडे सर्व जबाबदारी बारीक छापलेल्या मजकुरानें नाकारली होती. 1960 सालीं न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तो मजकूर निरर्थक ठरविला. सर्व कारखानदार एकच नमुना वापरूं लागले म्हणजे ग्राहकास घासाघीस करण्यास जागाच उरत नाहीं, आणि अशा अटीवरची सही ही खरी संमति नव्हे, असा त्याचा आशय होता. पुढें 1982 सालीं कनेक्टिकट राज्यानें विशेष कायदाच केला. एकच दोष चार वेळां दुरुस्तीस देऊनहि गेला नाहीं, किंवा गाडी एकूण तीस दिवस कारखान्यांत पडून राहिली, तर ती दुरुस्त होण्याजोगी नाहीं असें तो कायदा धरून चालतो. आपल्याकडे अशी आंकड्यांत बसविलेली कसोटी नाहीं. येथें दोष सिद्ध करावा लागतो, आणि म्हणूनच येथील ग्राहकानें पुराव्याविषयीं अधिक दक्ष असलें पाहिजे.

आतां नकाराचीं नेहमींचीं कारणें घेऊं. पहिलें कारण झीज. क्लचची तबकडी, ब्रेकचे अस्तर, टायर हे भाग घर्षणानें झिजावयाचेच. त्यांस सामान्यतः हमी नसते. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर तासभर रांगेंत अर्धवट क्लच दाबून गाडी पुढें सरकवीत राहिल्यास तबकडी तापून जळते, हें खरें आहे. परंतु तबकडीवर दाब देणारा भाग किंवा क्लचची तेलाची नळी मुळांतच सदोष असेल, तरीहि तबकडी जळतेच. तेव्हां "क्लच जळला, म्हणून चालविणाऱ्याचा दोष" हें अनुमान पुरेसें नव्हे. तबकडी कशामुळें जळली, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर काढलेला भाग समोर ठेवून द्यावयास हवें.

दुसरें कारण पाणी. 26 जुलै 2005 च्या महापुरांत उल्हास नदीच्या कांठच्या गांवांत पाणी शिरलें, तें आमच्या भागांतील वडीलधाऱ्यांस अद्याप आठवतें. हवा दाबली असतां आकुंचन पावते. पाणी जवळजवळ पावत नाहीं. इंजिनाच्या नळकांड्यांत पाणी गेलें असतां वर येणारा पिस्टन त्यावर अडतो आणि त्यास जोडलेला दांडा वांकतो. असा बिघाड बाह्य कारणाचा असल्यामुळें हमींत येत नाहीं. विमा कंपन्याहि, पाण्यांत उभी असलेली गाडी पुन्हां चालू केल्यामुळें नुकसान झालें, असें म्हणून पुष्कळदां हरकत घेतात. त्याकरितां इंजिनाच्या संरक्षणाचें जोडकलम विम्यांत निराळें घ्यावें लागतें. परंतु गाडी पाण्यांत गेलीच नसतां पाण्याचें कारण पुढें केलें जात असेल, तर हवेची गाळणी भिजलेली आहे काय, आंत चिखलाची रेघ किंवा गंज आहे काय, हें दाखविण्यास सांगावें.

तिसरें कारण बाहेरची दुरुस्ती. गाडीस बाहेरून दिवे, संगीताचें यंत्र किंवा गॅसची टांकी बसविली असतां, अथवा बाहेरच्या मिस्त्रीकडून काम करविलें असतां, संपूर्ण हमी रद्द झाली असें सांगण्यांत येतें. याविषयीं भारतीय स्पर्धा आयोगानें 25 ऑगस्ट 2014 रोजीं चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशांत, स्वतंत्र मिस्त्रीकडे गेल्याबद्दल सरसकट हमी रद्द करूं नये, बाहेरच्या सदोष कामामुळें जेवढें नुकसान झालें असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असें म्हटलें होतें. त्या आदेशाविरुद्ध कंपन्यांनीं वर दाद मागितली, म्हणून त्याचा दाखला जपून द्यावा; परंतु त्यांतील विचार साध्या न्यायबुद्धीस पटण्यासारखा आहे. बाहेर बसविलेल्या दिव्यामुळें तारा जळतील. त्यामुळें गिअरबॉक्सचे दांते कसे तुटतील? कार्य आणि कारण यांचा संबंध दाखवावयास सांगणें हा उद्धटपणा नव्हे.

चौथें कारण भेसळयुक्त इंधन. यावर उपाय एकच: इंधनाच्या पावत्या ठेवाव्या, आणि कंपनीनें भेसळीचें नांव काढल्यास टांकींतील इंधनाचा नमुना दोन्ही पक्षांसमक्ष मोहोरबंद करून तपासणीचा अहवाल मागावा.

यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, या तंट्यांत मोठ्या आवाजापेक्षां कागद अधिक बोलतो. गाडी दुरुस्तीस देतांना जें 'जॉब कार्ड' तयार होतें, तो या प्रकरणांतील सर्वांत मोलाचा कागद होय. त्यावर तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी. "तिसऱ्या गिअरमध्यें घालतांना खरखर आवाज येतो" असें लिहिलें असतां पुढें उपयोग होतो. "सर्वसाधारण तपासणी" असें लिहिलें असतां कांहींच होत नाहीं. गाडी कोणत्या दिवशीं दिली, कोणत्या दिवशीं परत मिळाली, त्या वेळीं किलोमीटरचा आंकडा किती होता, हें टिपून ठेवावें. आवाजाचें व आंकड्याचें चित्रण करून ठेवावें. दोष गेला नसतां "समाधान झालें" या रकान्यांत सही करूं नये. "दोष कायम" असें लिहून मग सही करावी. ठरलेल्या मुदतींतील सर्व्हिसिंग कधीं चुकवूं नये, कारण तें चुकलें असतां प्रतिपक्षास आयतेंच निमित्त सांपडतें. आणि वादाचा भाग उभयपक्षीं तपासणी होण्यापूर्वीं दुसरीकडे उघडूं देऊं नये. एकदां तो उघडला कीं दोष कोणीं केला हें सांगणें कठीण होऊन बसतें.

नकार तोंडी आल्यास तो लेखी मागावा. समजा, डोंबिवलींतील एका गृहस्थांनीं नऊ लाख रुपयांस घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स सात हजार किलोमीटरच्या आंत बिघडला, आणि खालून दगड लागल्याचें कारण देऊन हमी नाकारण्यांत आली. त्यांनीं विक्रेता व कारखानदार या दोघांसहि असें पत्र पाठवावें:

"आपल्याकडून अमुक तारखेस घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स हमीच्या मुदतींत बिघडला असून अमुक, अमुक व अमुक या तीन तारखांस आम्हीं ती तक्रार जॉब कार्डावर नोंदविली आहे. आपण हमी नाकारली. हमीपुस्तिकेच्या कोणत्या कलमान्वयें ती नाकारली, तें लेखी कळवावें आणि ज्या तपासणीवरून हा निर्णय घेतला तिचा अहवाल व छायाचित्रें द्यावीं. काढलेला भाग नष्ट न करितां जपून ठेवावा. पंधरा दिवसांत दोष विनामूल्य दूर न झाल्यास आम्हांस जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

एवढें पुरे. रागाचे शब्द, धमक्या किंवा अतिशयोक्ति यांनीं पत्राचें वजन वाढत नाहीं. उलट कमी होतें. पत्र पोंचल्याची पावती ठेवावी. याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदविल्यास पुष्कळदां कंपनीचे वरिष्ठ अधिकारी प्रकरणांत लक्ष घालतात. 1975 सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाहि या कामीं मार्गदर्शन करितात.

इतकें करूनहि उपयोग न झाल्यास जिल्हा आयोगाकडे जावें. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा 24 डिसेंबर 1986 रोजीं मंजूर झाला. त्याच्या जागीं आलेला 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. पूर्वींच्या कायद्याप्रमाणें प्रतिपक्षाचें ठिकाण किंवा व्यवहाराचें ठिकाण पाहून तक्रार करावी लागे. नव्या कायद्यानें तक्रारदार जेथें राहतो किंवा काम करतो तेथेंहि तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणून कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशानें गाडी मुंबईस अथवा पुण्यास घेतली असली तरी त्याला ठाणें जिल्ह्याच्या आयोगाकडे जातां येतें. वस्तूसाठीं दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग व त्याहिपुढें राष्ट्रीय आयोग, अशी वांटणी डिसेंबर 2021 मध्यें झालेल्या नियमांनीं केली आहे. शुल्क अल्प आहे: पांच लाखांपर्यंत कांहीं नाहीं, दहा लाखांपर्यंत दोनशें रुपये, वीस लाखांपर्यंत चारशें, पन्नास लाखांपर्यंत एक हजार. वर सांगितलेल्या गृहस्थांस दोनशें रुपये पुरतील. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं.

दोन गोष्टी मात्र विसरूं नयेत. पहिली, तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत दाद मागितली पाहिजे. विक्रेत्याच्या "पाहूं, करूं" या आश्वासनांत हा काळ वाहून जाऊं देऊं नये. दुसरी, नफ्याच्या धंद्याकरितां घेतलेल्या वस्तूचा मालक या कायद्यानें ग्राहक ठरत नाहीं; परंतु स्वतः टॅक्सी किंवा रिक्षा चालवून त्यावर पोट भरणारा मनुष्य ग्राहकच समजला जातो.

तक्रार दाखल करून घेतल्यावर तिची प्रत प्रतिपक्षास जाते. त्यानें तीस दिवसांत उत्तर द्यावयाचें असतें. आयोगास फार तर आणखी पंधरा दिवस देतां येतात. ही मर्यादा बंधनकारक आहे, असें सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें 4 मार्च 2020 रोजीं सांगितलें. दोष केवळ पाहून कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तु योग्य प्रयोगशाळेकडे पाठवितो आणि पंचेचाळीस दिवसांत अहवाल मागवितो. त्याचा खर्च प्रथम तक्रारदारास भरावा लागतो. एरवीं तीन महिन्यांत व तपासणी लागल्यास पांच महिन्यांत निकाल व्हावा, असें कायदा म्हणतो. व्यवहारांत विलंब पुष्कळ होतो. तक्रारदारानें मनाची तशी तयारी ठेवावी. निकालानंतर पंचेचाळीस दिवसांत अपील करितां येतें, आणि पैसे देण्याचा हुकूम ज्याच्यावर झाला असेल त्यास अपिलापूर्वीं निम्मी रक्कम भरावी लागते. हुकूम न पाळणाऱ्यास कारावासाचीहि शिक्षा आहे.

काय मागावें, याचाहि विवेक हवा. पुष्कळ लोक एकदम नवी गाडी मागतात. 2006 सालीं मारुति उद्योग कंपनीच्या एका प्रकरणांत क्लचच्या दोषाबद्दल सबंध गाडी बदलून देण्याचा खालचा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें मान्य केला नाहीं; हमीचें वचन दोषी भाग बदलण्याचें असतां त्याहून अधिक मागतां येत नाहीं, असें तें म्हणालें. उलट 2010 सालीं फियाट कंपनीच्या एका प्रकरणांत त्याच न्यायालयानें, स्वतंत्र तज्ज्ञाच्या मतें गाडींत मूळ घडणीचाच दोष निघाल्यास किंमत व्याजासह परत करावी, असा मार्ग काढून दिला. या दोन निकालांत विरोध नाहीं. भाग बदलून गाडी नीट होत असेल तर भाग मागावा. गाडीच मुळांत सदोष असेल तर किंमत मागावी. आणि यांतील कोणतें खरें हें तज्ज्ञानें सांगावें. म्हणून तक्रारींत प्रथम दुरुस्ती, ती अशक्य ठरल्यास गाडी बदलून किंवा किंमत परत, आणि झालेल्या त्रासाची भरपाई, अशा क्रमानें मागण्या लिहाव्या.

प्रतिपक्ष कोणास करावें, हेंहि एका खटल्यावरून शिकण्यासारखें आहे. गोव्यांतील एका ग्राहकास 2011 च्या गाडीऐवजीं 2009 सालीं तयार झालेली, सहाशेंहून अधिक किलोमीटर चाललेली गाडी देण्यांत आली. 18 फेब्रुवारी 2021 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें टाटा मोटर्स कंपनीस त्यांतून मुक्त केलें. कारण विक्रेता हा कंपनीचा मुनीम नसून स्वतंत्र व्यापारी होता, आणि त्याच्या कृत्याची माहिती कंपनीस होती असें सिद्ध झालें नव्हतें. विक्रीच्या वेळची फसवणूक ही विक्रेत्याची आणि घडणींतील दोष हा कारखानदाराचा, असा सामान्य भेद यांतून निघतो. दोष कोणाचा हें आरंभीं कळत नसल्यास दोघांसहि सामील करणें शहाणपणाचें होय.

यास आणखी एक कारण आमच्या भागाच्या इतिहासांत आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स व फ्रान्सची प्यूजो यांच्या भागीदारीनें प्यूजो 309 ही गाडी कल्याण येथील कारखान्यांत तयार होत असे. 1997 सालीं प्यूजो कंपनी त्या भागीदारींतून बाहेर पडली. कारखानदार देश सोडून जाऊं शकतो; तेव्हां हमीपत्राची किंमत तें देणाऱ्याच्या टिकाऊपणाइतकीच असते, हें गाडी निवडतांनाच ध्यानांत घ्यावें.

शेवटीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. हक्क मागणाऱ्याचे हात स्वच्छ असले पाहिजेत. गाडी खरोखरच पाण्यांत गेली असेल, खड्ड्यांत आपटली असेल, तर तें लपवूं नये. तज्ज्ञापुढें लबाडी बहुधा टिकत नाहीं, आणि टिकली तरी तिचा भार पुढच्या प्रामाणिक ग्राहकावर पडतो. कारण खोट्या तक्रारींनीं त्रासलेला विक्रेता खऱ्या तक्रारीकडेहि संशयानें पाहूं लागतो. परंतु आपली बाजू खरी असेल, तर समोरचा पक्ष मोठा आहे एवढ्यानें गप्प बसणें हें सौजन्य नव्हे. ज्या बापानें पोटास चिमटा घेऊन हप्ते भरले, त्याच्या वतीनें एक शांत, सुस्पष्ट व खरें पत्र लिहितां येणें, हा शाळेंत मिळविलेल्या विद्येचा लहानसा, पण सार्थ उपयोग आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं ती विद्या अशा कामीं लावावी, आणि उद्यां त्यांपैकीं कोणी विक्रेत्याच्या किंवा कारखानदाराच्या खुर्चीवर बसल्यास, दिलेलें वचन ग्राहकानें मागण्यापूर्वींच पाळावें, एवढीच आमची इच्छा आहे.